वाचकांचे प्रश्न : थायलंडच्या शाळेतील पहिली तिमाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. मी स्वतः चार वर्षे थायलंडमध्ये इंग्रजी शिकवून सोलापूरला परतले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे ही पत्रे माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे आणि त्यांना सविस्तर उत्तर देणे हे माझे कर्तव्यही आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, सादर नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर काम करतात, आई विड्या वळते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि इंग्रजी पाचवीपासून, असे माझे शिक्षण झाले. बी.एड. नंतर दोन वर्षे सोलापुरातच शिकवले आणि यंदाच्या मे महिन्यापासून नाखोन राचासीमा, म्हणजे ज्याला इथे सगळे कोरात म्हणतात, त्या प्रांतातील एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आहे. कागदपत्रे रीतसर आहेत, पगार वेळेवर होतो, सहकारीही चांगले आहेत. तरीही संध्याकाळी खोलीवर येऊन दार लावले की रडू येते, आणि त्याचे कारण सांगता येत नाही. वर्गात प्रश्न विचारला की मुले हसतात आणि गप्प बसतात. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यावी लागते. एका पालकांनी सहशिक्षिकेमार्फत विचारले की या बाई इंग्लंड-अमेरिकेच्या नाहीत, मग त्या इंग्रजी कशा शिकवणार? जूनमध्ये एका गुरुवारी गुरुवंदनेचा कार्यक्रम झाला, तेव्हा मुले गुडघ्यांवर सरकत माझ्यापुढे आली. मी इतकी अवघडले की खुर्चीवरून उठून उभी राहिले, आणि सारे सभागृह माझ्याकडे पाहत राहिले. मी चुकीच्या जागी आले आहे का? करार मार्चपर्यंत आहे. त्याआधीच परत यावे का? घरी यातले काहीही सांगितलेले नाही.

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. परत यायचे की नाही, हे आत्ता ठरवू नका. ऑक्टोबरमध्ये पहिले सत्र संपून सुट्टी लागेल. चार दिवस पुरेशी झोप झाल्यावर, पोटभर जेवल्यावर तो विचार करा, आणि तेव्हाही यावेसे वाटले तर निःसंकोच या. त्यात कोणताही कमीपणा नाही. आज मात्र तुम्ही थकलेल्या आहात, आणि हा थकवा शिकवण्याचा नाही, हे प्रथम ओळखायला हवे.

सोलापुरात असताना दूध आणणे, रिक्षा थांबवणे, विजेचे बिल भरणे, शेजारणीला हाक मारणे ही कामे आपले हात आणि तोंड आपोआप करत असतात. मनाला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे मात्र यातील प्रत्येक कामाला पूर्ण लक्ष द्यावे लागते. मला आठवते, दुसऱ्या आठवड्यात मी दुकानातून साखर म्हणून एक पिशवी आणली. फळीवर तीन पारदर्शक पिशव्या शेजारी शेजारी होत्या, तिन्हींत पांढरे दाणे, तिन्हींवर थाई अक्षरे. खोलीवर येऊन चहा केला आणि पहिल्याच घोटाला कळले की ती साखर नव्हती, मीठही नव्हते. तो अजिनोमोटो होता. तो कप हातात घेऊन मी बराच वेळ फरशीवर बसून राहिले. साखर तर दुसऱ्या दिवशीही आणता आली असती, पण एम.ए. झालेल्या, आठ वर्षे शिकवलेल्या बाईला साखर ओळखता येऊ नये, या जाणिवेने मी खचले होते. तुमच्या रडण्याचे कारण तुम्हाला सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिता. मला वाटते ते याच जातीचे असावे. दिवसभर वर्गात आपण जाणत्या असतो आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडताच निरक्षर होतो. हे दोन्ही एकाच दिवसात सोसणे कठीण असते, आणि त्यावरचा उपाय एकच आहे : ती निरक्षरता शक्य तितक्या लवकर घालवणे.

इथे तुमच्यापाशी असलेल्या एका ठेव्याकडे लक्ष वेधते, कारण तुम्ही त्याचा उल्लेख केवळ माहिती म्हणून केला आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी ऐकत तुम्ही वाढलात. कन्ना चौकातला मुलगा समोरचा माणूस पाहून एका दमात तीन भाषा बदलतो, आणि त्यांपैकी एखादी त्याला व्याकरणशुद्ध येत नसली तरी बोलायचा थांबत नाही. परभाषेत चुकत बोलण्याची लाज न वाटणे हे सोलापूरकराला कोणी शिकवलेले नसते. गल्लीतच ते अंगवळणी पडते. इंग्रजीचे शिक्षक म्हणून आपण पुढे शुद्धतेचे पहारेकरी होतो आणि हा गुण हरवून बसतो. तो परत मिळवा. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथे राहून चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, आणि १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचे निधन झाले. युद्धभूमीवरील शस्त्रक्रियांच्या धामधुमीत त्यांनी भाषेसाठी वेळ काढला, हे मला त्यांच्या चरित्रातील फार मोठे वाटते. आपल्याला तर रोजचा अर्धा तास काढायचा आहे.

थाई लिपीपासून सुरुवात करा. अनेक परदेशी शिक्षक वर्षानुवर्षे ती शिकत नाहीत आणि म्हणून कायम दुसऱ्याच्या आधाराने राहतात. तिच्यात ४४ व्यंजने आहेत. संख्या ऐकून घाबरू नका, कारण त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेसारखाच कंठ्य, तालव्य असा वर्गांनी चालतो. ही लिपी कंबोडियातील ख्मेर लिपीच्या वाटेने दक्षिण भारतातील पल्लव लिपीपर्यंत जाते, आणि तेलुगू अक्षरे गिरवलेल्या हाताला तिची वळणे परकी वाटत नाहीत. शिवाय क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतील फरक थाई भाषेत अर्थ बदलतो. इंग्रज-अमेरिकन शिक्षकांना हा फरक ऐकू यायलाच महिने लागतात. तुम्हाला तो बालवाडीपासून येतो.

अडचण आहे ती सुरांची. थाईमध्ये पाच सूर आहेत, आणि शब्द तोच राहून सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘क्लाय’ हा शब्द सपाट आवाजात म्हटला तर ‘दूर’, आणि आवाज वरून खाली सोडत म्हटला तर ‘जवळ’. बसथानक जवळ आहे की दूर, एवढेच विचारायचे असते आणि उत्तर ऐकूनही आपल्याला काहीच कळलेले नसते. हे पुस्तकातून येत नाही. एखादा माणूस समोर बसवून, तोच शब्द वीस वेळा म्हणून, त्याच्याकडून वीस वेळा दुरुस्त करून घ्यावा लागतो.

शब्दांच्या बाबतीत सुरुवातीला आनंद होईल. ‘सवात्दी’ या अभिवादनात आपले ‘स्वस्ति’ आहे. ‘ख्रू’ म्हणजे गुरू, ‘आचान’ म्हणजे आचार्य, ‘फासा’ म्हणजे भाषा, ‘आहान’ म्हणजे आहार. तुमच्या शाळेतील ‘मत्थयोम’ हे वर्ग म्हणजे आपले ‘मध्यम’, आणि त्याआधीचे ‘प्रथोम’ म्हणजे ‘प्रथम’. शाळेच्या नावातील ‘विथया’ ही विद्याच होय, आणि नाखोन राचासीमा या नावात ‘नगर’, ‘राज’ आणि ‘सीमा’ हे तिन्ही शब्द जसेच्या तसे बसले आहेत. पण या आनंदावर फार विसंबू नका. संस्कृतातून आलेले शब्द बहुधा पाट्यांवर, समारंभांत आणि कार्यालयांत भेटतात. भाजीवालीचे शब्द आखूड, एका झटक्यात उच्चारले जाणारे आणि अगदी वेगळे असतात, आणि तुमची रोजची गरज त्यांची आहे.

ते शिकण्यासाठी सगळ्यात चांगले शिक्षक तुमच्या वर्गातच बसलेले आहेत. मुले गप्प का बसतात, हे समजून घ्या. दुसऱ्याला अवघड वाटू नये, आपल्यामुळे कोणाची अडचण होऊ नये, म्हणून मागे राहण्याच्या वृत्तीला तिथे ‘क्रेंगचाय’ म्हणतात. ती सद्गुण मानली जाते. त्यात चारचौघांत चुकण्याची भीती मिसळली की मूल हसते आणि खाली पाहते. ते हसणे तुमची थट्टा नव्हे. बहुतेक वेळा तो संकोच असतो. मी यावर एक साधी रीत पाडली होती. प्रत्येक तासाची पहिली दोन मिनिटे एका मुलाने मला एक थाई शब्द शिकवायचा. तो मी फळ्यावर देवनागरीत लिहायचा, सगळ्यांसमोर उच्चारायचा, आणि वर्गाने मला दुरुस्त करायचे. ‘म्हा’, ‘मा’ असे मी चाचपडू लागले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा उठून सूर सांगत, कारण एका सुरात तो शब्द ‘येणे’ असतो, दुसऱ्यात ‘घोडा’ आणि तिसऱ्यात ‘कुत्रा’. तिसऱ्या आठवड्यात एक अतिशय अबोल मुलगी मला शब्द शिकवून झाल्यावर स्वतःहून इंग्रजीत म्हणाली, “टीचर, अगेन.” त्या वर्षभरात मला मिळालेल्या कोणत्याही शाबासकीपेक्षा ते दोन शब्द मला मोलाचे वाटतात. चुकणारी शिक्षिका पाहिल्यावर चुकणे त्या मुलांना परवडू लागले होते.

“समजले का?” हा प्रश्न मात्र विचारूच नका, उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. आधी दोघा-दोघांना आपसांत बोलू द्या आणि मग एकट्याला न विचारता जोडीला विचारा. उच्चारांबाबत एक ध्यानात ठेवा : थाईमध्ये शब्दाच्या शेवटी स, श, ल, च असे ध्वनी येत नाहीत, आणि क, त, प आलेच तर ते तोंडातच अडवले जातात, बाहेर सोडले जात नाहीत, त्यामुळे ‘हाऊस’चे ‘हाऊत’ होते आणि ‘कॅट’ व ‘कॅप’ यांत ऐकणाऱ्याला फरक करणे कठीण जाते. नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही, क्रियापदाला काळाचा विकार नाही, म्हणून शेवटचा ‘स’ आणि ‘एड’ गळतात. हा आळस नव्हे. एकदा कारण कळले की राग येत नाही आणि नेमका सराव देता येतो.

आता त्या पालकांविषयी. त्यांचा प्रश्न बोचणारा आहे, पण तो तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे, तेव्हा त्याचे उत्तर स्वतःपाशी पक्के असू द्या. ज्याला इंग्रजी पाळण्यातच मिळाली, त्याला ती कुठे अडते हे बाहेरून शिकावे लागते. तुम्ही ती पाचवीपासून, एकेक नियम घोकून, घरात कोणीही बोलत नसताना मिळवली. कोरातमधील शेतकऱ्याचे मूलही आज नेमके तेच करते आहे. तिथल्या शाळांत फिलिपिन्सचे शिक्षक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांनाही हेच ऐकावे लागते. सहशिक्षिकेला सांगून त्या पालकांना एकदा वर्गात येऊन बसण्याचे निमंत्रण द्या. आणि एक कळकळीची विनंती : अमेरिकन धाटणीचे उसने उच्चार आणू नका. सावकाश, स्वच्छ आणि आपल्या आवाजात बोला. मुलांना नक्कल लगेच कळते.

गुरुवंदनेच्या प्रसंगाची खंत तुम्ही दीड महिना बाळगली आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. त्या कार्यक्रमाला ‘वाय ख्रू’ म्हणतात, आणि तो गुरुवारी असण्याचे कारण तुम्हाला सहज कळेल, कारण थाई भाषेतही गुरुवार हा बृहस्पतीचा वार आहे. मुलांनी पुढे केलेल्या तबकात काय होते ते आठवून पाहा. त्यात इक्झोराची लाल फुले असतात. त्यांच्या थाई नावाचा अर्थ सुई, म्हणजे बुद्धी सुईसारखी तीक्ष्ण व्हावी. वांग्याची फुले असतात, कारण ती खाली झुकलेली असतात. लाह्या असतात. आणि एक हिरवे गवत असते, जे तुम्ही घाईत पाहिले नसेल. ती आपली दूर्वा आहे. जमिनीला धरून ती जशी पसरते तशी विद्या पसरावी, असा तिचा अर्थ सांगतात. गणपतीला आपण वाहतो तीच दूर्वा घेऊन ती मुले तुमच्यापुढे आली होती. तुम्ही उठून उभ्या राहिलात तो तुमचा विनय होता. फक्त तिथे बसून, किंचित पुढे झुकून, दोन्ही हातांनी तबक स्वीकारायचे असते. कार्यक्रमाच्या प्रमुख शिक्षिकेला हे एकदा मोकळेपणाने सांगा. परक्याने स्वतःहून विचारलेली गोष्ट त्यांना मनापासून आवडते, असा माझा अनुभव आहे.

संध्याकाळचा प्रश्न उरतो. घराशी बोलण्याची वेळ ठरवून घ्या. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. सोलापुरात आई विड्यांचा हिशेब करून, जेवण आटोपून नऊला मोकळी होते तेव्हा तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतात, आणि पेंगुळलेल्या मनाने घरचा आवाज ऐकला की रडू येणारच. त्यापेक्षा सकाळी, शाळेत ध्वजवंदन होण्यापूर्वी दहा मिनिटे बोला. आणि आईला खरे सांगा. मागाच्या खडखडाटात आणि तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या आईवडिलांना मुलीचे दुःख झेपणार नाही, असे समजू नका. त्यांना न सांगता तुम्ही जे एकटेपण सोसता आहात त्यातला निम्मा भाग त्या लपवण्याचाच आहे.

तिथल्या माणसांनी बोलावले तर जा. भीड वाटली तरी जा. पहिल्या वर्षी एका सहकारी बाईंनी मला जेवायला ‘नुंग थुम’ला बोलावले. ‘नुंग’ म्हणजे एक एवढे मला येत होते, म्हणून मी दुपारी एकला त्यांच्या दारात उभी राहिले. थाई बोलीत संध्याकाळी सातपासून पुन्हा एक, दोन, तीन अशी मोजणी सुरू होते आणि ‘नुंग थुम’ म्हणजे सात वाजता. बाई घरी नव्हत्या. त्यांच्या वृद्ध आईने मला आत घेतले, काहीही न विचारता चिकट भाताची टोपली आणि भाजी पुढे ठेवली, दुपारभर पंख्याखाली झोपू दिले आणि सात वाजता सगळ्यांबरोबर पुन्हा जेवायला वाढले. त्या माउलीला मी ‘याय’, म्हणजे आजी, म्हणू लागले. तिथेही आपल्यासारखीच नात्याने हाक मारतात : बाजारातील वयस्क बाईला ‘पा’, काकांना ‘लुंग’, थोड्या मोठ्या सहकाऱ्याला ‘फी’. भाजी बोट दाखवून घेतलीत तरी चालेल, पण आधी ‘पा’ म्हणून हाक मारा. आपण मंडईत ‘मावशी’ म्हणतो तशी.

आणखी एक सुचवते. तुमच्याच प्रांतात पाक थोंग चाय नावाचा तालुका आहे, जो रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध आहे. एका शनिवारी तिकडे जा. ताणा, बाणा, धोटा, कांडी यांची थाई नावे तुम्हाला ठाऊक नसतील. पण तुटलेला धागा कसा सांधायचा हे तुमच्या बोटांना ठाऊक असेल, आणि विणणाऱ्या बाईला ते पाहताक्षणी कळेल. मला विणकाम येत नव्हते, म्हणून मी त्या मागांपाशी केवळ पाहुणी होते. तुम्ही तशा राहणार नाही. काय झाले ते मला अवश्य कळवा.

प्रश्न : माझ्या मुलाला थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षकाची नोकरी देतो म्हणून एका मध्यस्थाने पैसे मागितले आहेत. तो म्हणतो, आधी पर्यटक म्हणून जा, कागदपत्रे तिथे गेल्यावर होतील. शाळेचे नाव अजून सांगितलेले नाही. आम्ही पंढरपूर तालुक्यातील शेतकरी आहोत. पाठवावे का?

उत्तर : पाठवू नका. पर्यटक म्हणून जाऊन तिथे नोकरी करणे बेकायदेशीर आहे. शिक्षकाला नोकरीसाठीचा, म्हणजे ‘नॉन-इमिग्रंट बी’ प्रकारचा व्हिसा लागतो आणि त्याशिवाय वेगळा कामाचा परवाना लागतो. या दोन्हींसाठी शाळेची कागदपत्रे लागतात, म्हणजेच शाळेचे नाव आधी माहीत असावेच लागते. शाळेत शिकवायचे तर पदवी, इंग्रजी चाचणीचे गुण, पोलिसांचा दाखला आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट, एवढ्या गोष्टी येतात. ज्याला हे ठाऊक नाही किंवा जो हे सांगत नाही, तो मध्यस्थ विश्वासाचा नाही.

काळजीचे कारण याहून मोठे आहे. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने तरुणांना नेऊन पुढे सीमेपलीकडे म्यानमारमध्ये पोहोचवायचे आणि तिथे डांबून संगणकावरून फसवणुकीची कामे करून घ्यायची, असे प्रकार घडले आहेत; आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याविषयी जाहीर इशाराही दिला आहे. शाळेचे नाव, पत्ता आणि नेमणुकीचे पत्र मागा, आणि ते बँकॉकमधील भारतीय दूतावासाला ई-मेलने पाठवून खातरजमा करून घ्या. तोवर एक रुपयाही देऊ नका आणि पासपोर्ट कोणाच्याही हाती सोपवू नका. मुलाला खरोखर शिकवायची आवड असेल तर त्याने थेट शाळांकडे अर्ज करावेत. वेळ लागेल, पण ती वाट सरळ आहे. रीतसर गेल्यावरही दर नव्वद दिवसांनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाला आपला पत्ता कळवावा लागतो. एवढी जिथे नोंद ठेवली जाते, तिथे चोरवाटेने नोकरी फार काळ टिकत नाही.

प्रश्न : मी जैन असून कांदा-लसूणही खात नाही. नोव्हेंबरपासून थायलंडमधील एका शाळेत रुजू होणार आहे. जेवणाचे कसे होईल? सोलापूरहून काय न्यावे?

उत्तर : दोन शब्द पाठ करून जा. एक ‘मांगसविरात’, जो संस्कृतातील मांस आणि विरती यांपासून झाला आहे. त्यात अंडे-दूध चालते, कांदा-लसूणही असतो. दुसरा ‘जे’. हा तुमच्या उपयोगाचा. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा, लसूण आणि उग्र वासाच्या भाज्याही नसतात. अशा खाद्यगृहांवर आणि गाड्यांवर पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांची खूण असते, जी लांबून इंग्रजी आकड्यांतील सतरासारखी दिसते. कंदमुळांचा प्रश्न मात्र उरतोच. ते तुम्हाला दर वेळी विचारावे लागेल. इतरत्र कुठेही भाजी मागितली तर तिच्यात माशाचा अर्क, ज्याला ‘नाम प्ला’ म्हणतात, घातलेला असण्याची शक्यता धरून चाला. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे तो घालू नका, हे वाक्य मी पहिल्याच दिवशी शिकले असते तर बरे झाले असते. तरीही कढई आणि डाव तोच असतो. तो चालत नसेल तर खोलीवर स्वयंपाक करण्यावाचून इलाज नाही, आणि खोली घेतानाच तिथे स्वयंपाकाला परवानगी आहे का हे विचारा, कारण भाड्याच्या अनेक इमारतींत ती नसते.

ज्वारीचे पीठ तिथे सहज मिळत नाही, म्हणून पहिल्या महिन्यासाठी कडक भाकरी बांधून न्या. त्या वाळलेल्या असल्याने प्रवासात टिकतात. शेंगा चटणी मात्र फार नेऊ नका. शेंगदाणे तिथल्या बाजारात भरपूर आणि चांगले मिळतात, सुकी लाल मिरची मिळते, आणि चटणीला जे सगळ्यात आवश्यक ते तर तिथे घरोघरी आहे : दगडी खलबत्ता. त्याला ‘ख्रोक’ म्हणतात. रोज संध्याकाळी शेजारच्या खोल्यांमधून मिरची कुटल्याचा ठोका ऐकू येई, तेव्हा मला आमच्या वाड्यातील उखळ आठवे. एका रविवारी शेजारणीचा ख्रोक मागून आणला आणि दाणे, मिरची, जिरे, मीठ घालून कुटायला बसले. आवाज ओळखीचा पण वास अनोळखी, म्हणून ती दारात येऊन उभी राहिली, मग खाली बसली, आणि शेवटी माझ्या हातातून बत्ता घेऊन तिनेच चटणी पूर्ण केली. मनगट तिचे माझ्यापेक्षा तयार होते. तुम्ही लसूण घालणार नाही, तेव्हा जिरे थोडे वाढवा. दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार होऊ द्या, एका वेळी मूठभरच घ्या, आणि कडेला तेल सुटून चटणीचा गोळा होऊ लागेपर्यंत कुटत राहा. मिक्सर असला तरी वापरू नका. त्यात तिची भुकटी होते.